उस्ताद अल्लारखा : मागे बसणाऱ्या तबल्याला मान मिळवून देणारा माणूस

घोडबंदर रोडवरच्या आमच्या शाळेत एक मुलगा आहे. गणिताच्या तासाला त्याची बोटं बाकावर चालूच असतात. परवा त्याच्या अब्बांनी मला विचारलं की सर, या सवयीचं करायचं तरी काय? मला पटकन उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर मात्र मरहूम उस्ताद अल्लारखा कुरेशी आठवले.

त्यांचा जन्म २९ एप्रिल १९१९ रोजी जम्मू भागातल्या फगवाल गावी, एका डोगरा मुस्लिम कुटुंबात झाला. घरात वाजवण्याची परंपरा नव्हती आणि वडिलांना हा नाद पसंत नव्हता. पण पोराला तबल्याने वेड लावलं. साधारण १२ वर्षांच्या वयात त्याने घर सोडलं. पुढे पंजाब घराण्याचे मियाँ कादर बख्श यांची शागिर्दी पत्करली. पतियाळा घराण्याचे आशिक अली खाँ यांच्याकडे गाणंही शिकला.

त्या काळी तबलजी म्हणजे मागे बसून ठेका धरणारा. टाळ्या गवयाच्या आणि नावही गवयाचंच. अल्लारखा लाहोर रेडिओवर होते, मग १९४० मध्ये मुंबई आकाशवाणीवर आले. इथे त्यांनी एकट्याने तबला वाजवला. मुंबई केंद्रावरचं हे पहिलं तबला-सोलो मानलं जातं. रेडिओवर वाजवणारा दिसत नाही. चाटीवरचा बोल, शाईवरचा बोल, डग्ग्याचा घुमारा, सगळं माईकमधून वेगवेगळं ऐकू आलं पाहिजे. ती सफाई वर्षानुवर्षांच्या रियाजातूनच येते.

मुंबईत त्यांनी सिनेमालाही संगीत दिलं. 'सबक' (१९५०) आणि 'बेवफा' (१९५२) या चित्रपटांच्या संगीतकारांत ए. आर. कुरेशी हे नाव दिसतं, ते हेच. नाव झालं होतं, काम मिळत होतं. तरी ते पुन्हा तबल्याकडेच वळले.

पुढे पंडित रविशंकर यांच्यासोबत त्यांनी जग पाहिलं. १९६७ ला माँटेरे आणि १९६९ ला वुडस्टॉक इथे लाखो तरुणांच्या संगीत मेळाव्यांत ते वाजले. वुडस्टॉकला तर पाऊस होता. ओल धरली की तबल्याचं चामडं सैल पडतं आणि सूर उतरतो, हे आपल्याकडच्या पावसाळ्यात कुठलाही तबलजी सांगेल. तशा हवेत वाजवणं सोपं नसतं. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कला बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मोठा कार्यक्रम झाला. त्यातही ते होते, सरोदवर उस्ताद अली अकबर खाँ होते.

अमेरिकेचा जाझ ड्रमर बडी रिच त्या काळी वेगासाठी मशहूर होता. त्याच्याकडे ड्रम, झांजा, काठ्या आणि पायाने वाजणारा मोठा ढोल. यांच्याकडे दोन हात, एक तबला आणि एक डग्गा. दोघांची एकत्र रेकॉर्ड १९६८ मध्ये निघाली. रॉक बँडचे ड्रमर मिकी हार्टही त्यांच्याकडे शिकले. मागे बसणाऱ्या वाद्याचं नाव आता रेकॉर्डच्या कव्हरवर आलं होतं.

पण मला शिक्षक म्हणून जास्त भावतं ते माहीमचं घर. लहानग्या झाकीरला ते पहाटे ३ वाजता उठवून ६ पर्यंत बोल शिकवत. त्यानंतर पोरगा मदरशात कुरआन पढायला जाई आणि मग मिशनऱ्यांच्या शाळेत. ज्याला स्वतःच्या बापाकडून हे मिळालं नव्हतं, त्याने आपल्या मुलांना झोप मोडून दिलं. झाकीर, फजल आणि तौफिक तिघेही तालाच्याच वाटेने गेले. पुढे उस्तादांनी मुंबईत संस्था काढून इतरांच्या मुलांनाही शिकवलं. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

फेब्रुवारी २००० मध्ये त्यांची लेक रझिया शस्त्रक्रियेदरम्यान वारली. तो धक्का त्यांना सोसला नाही. ३ फेब्रुवारीला हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं मुंबईत निधन झालं. डिसेंबर २०२४ मध्ये झाकीरभाईही गेले. अल्लाह सर्वांची मगफिरत करो.

संगीताबद्दल आपल्या घराघरात वेगवेगळी मतं आहेत, ती राहतीलही. पण मुलाच्या बोटांत काही असेल तर ते आधी आपल्याला दिसायला हवं. नाहीतर तो १२ व्या वर्षी घरातून निघतो, आणि प्रत्येकाला मियाँ कादर बख्श भेटतीलच असं नाही. त्या मुलाच्या अब्बांना मी उद्या हेच सांगणार आहे.