अदृश्य किरणांची चित्रे

एका चित्रापायी विल्हेल्म राँटगेन यांची शाळा सुटली. २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतील लेनेप येथे जन्मलेला हा मुलगा हॉलंडमधील उट्रेक्ट येथे शिकत होता. तेथे कोणीतरी एका शिक्षकाचे व्यंगचित्र काढले. विल्हेल्मने काही ते काढले नव्हते. परंतु काढणाऱ्याचे नाव त्याने सांगितले नाही आणि आळ त्याच्यावरच आला. प्रमाणपत्राअभावी पुढे वुर्ट्झबर्ग विद्यापीठानेही त्यांना अध्यापनाचा अधिकार नाकारला. १८८८ साली त्याच विद्यापीठात ते प्राध्यापक होऊन आले!

८ नोव्हेंबर १८९५ च्या सायंकाळी ते प्रयोगशाळेत एकटेच होते. काळ्या पुठ्ठ्याने झाकलेल्या निर्वात नळीतून त्यांनी विजेचा प्रवाह सोडला, तो काही अंतरावर असलेला, बेरियमच्या क्षाराचा लेप दिलेला कागद चमकू लागला. पुठ्ठ्याच्या आरपार जाणारे हे किरण कोणते? मध्ये हात धरला, तर पडद्यावर हाडांची छाया उमटली. सात आठवडे त्यांनी कोणालाच काही सांगितले नाही. जेवणखाणही पुष्कळदा प्रयोगशाळेतच होई. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नी बर्था हिचा हात छायाचित्रणाच्या काचेवर ठेवून त्यावर सुमारे पंधरा मिनिटे किरण सोडले. काचेवर हाडे उमटली आणि बोटातली अंगठीही. बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर त्यांनी या किरणांना दिले. आपण त्यांना क्ष-किरण म्हणतो.

या शोधाचे पेटंट घेतले असते, तर राँटगेन धनाढ्य झाले असते. त्यांनी ते घेतले नाही. म्हणूनच १८९६ च्या आरंभीच व्हिएन्ना येथे योझेफ एडर व एडुआर्ड व्हालेंटा यांना पंधरा चित्रांचा एक संग्रह काढता आला. त्यात बेडूक, मासे, सर्प आणि सरडा होते. माशाच्या बरगड्या फणीच्या दातांसारख्या रेखीव, तर सर्पाचा कणा बारीक मण्यांच्या माळेसारखा! वैद्यांना बेडकाच्या हाडांशी काय कर्तव्य? पण ती चित्रे पाहताना डोळा हटत नाही.

१९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक राँटगेन यांना मिळाले. ती रक्कम त्यांनी वुर्ट्झबर्ग विद्यापीठाला दिली. महायुद्धानंतर जर्मनीत पैशाला किंमत उरली नाही आणि त्यांची शिल्लकही नाहीशी झाली. १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिक येथे ते निवर्तले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची बहुतेक टिपणे जाळण्यात आली.

पुढे १९३० नंतरच्या काळात अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील डॉक्टर डेन टास्कर यांनी रुग्णालयातील कामाबरोबरच फुलांवरही हे किरण सोडले. पातळ पाकळीतून किरण सहज पार होतात, जाड देठात काहीसे अडतात. त्यामुळे त्यांच्या लिलीच्या पाकळ्या धुरासारख्या विरळ दिसतात आणि एरवी आत दडलेले केसर स्वच्छ उमटतात.