पदे रचणाऱ्या हिराबाई

मराठी संगीत नाटकाचा इतिहास किर्लोस्कर, देवल, कोल्हटकर, खाडिलकर या नावांनी सांगितला जातो. आम्हीही वर्गात तो असाच सांगत आलो. त्या नामावलीत हिराबाई पेडणेकर हे नाव घालण्यास आम्हांला बरीच वर्षे लागली, ही कबुली आधीच दिलेली बरी.

हिराबाईंचा जन्म १८८५ सालचा, सावंतवाडीच्या कलावंत घराण्यातला. अशा घरातील स्त्रीने गावे, मैफल रंगवावी, पण प्रतिष्ठेची अपेक्षा करू नये, असा जातिव्यवस्थेचा दंडक होता. मुंबईत भास्करबुवा बखले यांच्याकडे त्यांनी गायनाची तालीम घेतली. गाण्याची मुभा जन्मानेच दिली होती. लेखणी मात्र त्यांनी स्वतः हाती घेतली. १९०४ साली, विशीही न गाठलेल्या वयात, त्यांनी 'जयद्रथ विडंबन' हे संगीत नाटक लिहिले. कथानक महाभारतातले, द्रौपदीचे हरण करू पाहणाऱ्या जयद्रथाच्या फजितीचे. ही निवड आम्हांला सहज झालेली वाटत नाही.

नाट्यलेखनात त्यांनी गुरुस्थानी मानले ते आपल्या विदर्भातील श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांना. ('मूकनायक' हे कोल्हटकरांचे नाटक. बाबासाहेबांच्या १९२० सालच्या पाक्षिकाशी त्याचे साम्य केवळ नावापुरते.) पारशी रंगभूमीवरील चाली मराठीत आणून कोल्हटकरांनी नाट्यपदाला नवे वळण दिले होते. चाल आधी आणि शब्द मागाहून, असे हे काम. दीर्घ अक्षर कोठे यावे, तान घेण्यास स्वर कोठे मोकळा राहावा, हे गळ्याला कळते. तो गळा हिराबाईंपाशी होता. अनेक नाटककारांपाशी नव्हता.

त्यांचे दुसरे नाटक 'दामिनी' केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीने रंगभूमीवर आणले. १९१२ च्या सुमारास व्यावसायिक मंडळीने एका स्त्रीचे नाटक करावे, तेही अशा घराण्यातील स्त्रीचे, ही लहान गोष्ट नव्हती. त्या काळी स्त्रीभूमिका पुरुष नटच करीत. म्हणजे स्त्रीने रचलेली पदे प्रेक्षकांनी ऐकली ती लुगडे नेसलेल्या पुरुषाच्या कंठातून!

नामवंत साहित्यिक त्यांच्या घरी येत. पुढे चरित्रकारांनी त्या स्नेहाचीच चर्चा अधिक केली, पदांची कमी. गडकरी कोणाकडे जात हे ठाऊक असणाऱ्यांना हिराबाईंनी काय लिहिले ते सांगता येत नाही, याची आम्हांला खंत वाटते. 'दामिनी'नंतर त्यांचे नवे नाटक रंगभूमीवर आले नाही. मुंबई सोडून त्या गुहागरजवळील पालशेत येथे कृष्णाजी नारायण नेने यांच्यासमवेत राहिल्या. १९५१ साली कर्करोगाने तेथेच त्यांचे निधन झाले.

वसंत कानेटकरांनी त्यांच्या जीवनावर 'कस्तुरीमृग' हे नाटक लिहिले. ते आमच्या शाळेच्या ग्रंथालयात आहे. 'दामिनी' मात्र अद्याप नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणास जुन्या ग्रंथसंग्रहात तिची प्रत आढळल्यास आम्हांला अवश्य कळवावे.