कलामहर्षी बाबूराव पेंटर : कोल्हापुरात कॅमेरा घडवणारा माणूस



आजच्या पाठाला निमित्त झालं एका जुन्या पेटीचं. मागच्या महिन्यात आमच्या वाकडच्या वर्गात एका मुलानं आजोबांच्या ट्रंकेत सापडलेला कॅमेरा आणला. बंद असताना जेवणाच्या डब्याएवढा. खटका दाबून पुढची फळी खाली पाडली की आतून घड्यांचा काळा भाता बाहेर ओढता येतो, आणि भात्याच्या तोंडाशी भिंग बसवलेलं. मागच्या बाजूला रोल घालायला जागाच नाही. तिथे चपटी चौकट सरकवायची खाच आहे. भात्याला चार-पाच भोकं पडलेली, कंपनीच्या नावाची पट्टी कधीच निघून गेलेली. वर्गात सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच होता, की हा जपानी आहे का.

प्रश्न चुकीचा नाही. तुमच्या घरात कॅमेरा असेल तर त्यावर बहुतेक जपानी नावच असणार. पण त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी जपानवरून कोल्हापूरला येऊन पोचलो, आणि तिथे ज्यांची गाठ पडली त्या बाबूराव पेंटरांविषयी आज तुम्हाला सांगायचं आहे.

आधी ही पेटी समजून घ्या. हिला प्लेट कॅमेरा म्हणतात. फिल्मच्या रोलऐवजी यात काचेची पट्टी वापरतात. काचेच्या एका बाजूला चांदीच्या क्षारांचा थर असतो, त्यावर उजेड पडला की चित्र उमटतं. एक काच, एक फोटो. दुसरा फोटो हवा तर दुसरी काच. फोटो काढणारा डोक्यावर काळं कापड घेऊन मागच्या दुधी काचेवर उलटं चित्र बघायचा, भाता पुढे-मागे सरकवून ते स्पष्ट करायचा, मग दुधी काच काढून तिथे प्लेटची चौकट बसवायचा. घडी घालता येणारा कॅमेरा म्हणजे हेच सगळं, फक्त प्रवासात नेता येईल असं आवरलेलं.

जपानमध्ये असे कॅमेरे कसे सुरू झाले ते ऐका. टोकियोत १८७३ पासून कोनिशी नावाचं दुकान फोटोग्राफीचं सामान विकत होतं. पुढे कोनिका म्हणून जगाला माहीत झालेली कंपनी हीच. १९०२ मध्ये त्यांनी स्वतःचा कारखाना काढला आणि १९०३ मध्ये चेरी नावाचा छोटा, पेटीसारखा कॅमेरा बाजारात आणला. मग लिली आणि आयडिया या नावांचे घडीचे प्लेट कॅमेरे आले. एकाच नावाखाली कितीतरी नमुने असायचे. लहान काचेचा, मोठ्या काचेचा, आणि त्याच पेटीला गिऱ्हाइकाच्या ऐपतीप्रमाणे साधं नाहीतर भारी भिंग. त्यामुळे आज कोणाला जुना लिली सापडला तर तो नेमका कुठला, हे ठरवायला माप घ्यावं लागतं, भिंगावरची अक्षरं वाचावी लागतात. आणि ती अक्षरं बऱ्याचदा युरोपातल्या कंपनीची निघतात! लाकूडकाम जपानी सुताराचं, घाट परदेशी कॅमेऱ्याकडे बघून घेतलेला, भिंग आणि शटर बाहेरून मागवलेलं. या कंपनीचं स्वतःचं हेक्सार नावाचं भिंग यायला १९३१ साल उजाडलं. म्हणजे चेरीपासून २८ वर्षं.

मग वर्गात दुसरा प्रश्न आला. आपल्याकडे कोणी बनवला होता का?

बनवला होता. तोही साधा नाही, चित्रपटाचा.

आपल्या वाकडच्या पुलाखालून जो हायवे जातो ना, त्यावर बसलात आणि सरळ दक्षिणेला गेलात, की सातारा, कऱ्हाड करत कोल्हापूर येतं. तिथे ३ जून १८९० रोजी बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म झाला. मेस्त्री हे आडनावच सांगतं की घरात हत्यारं होती. वडील कृष्णराव सुतारकाम, लोहारकाम जाणणारे, शिवाय चित्रकला आणि शिल्पकलेत हात बसलेले. बाबूरावांचं शाळेतलं शिक्षण फारसं झालं नाही. लाकूड कसं कापायचं, धातू कसा वाकवायचा, रंग कसा कालवायचा हे सगळं घरातच बघून शिकले. (इथे कोणी शाळा सोडायचा विचार करू नका. त्यांच्या घरी जी शाळा भरत होती ती तुमच्या घरी भरत नाही.)

आनंदराव हे त्यांचे चुलत भाऊ. दोघांची जोडी म्हणजे एकमेकांची सावली. तो संगीत नाटकांच्या भरभराटीचा काळ होता आणि नाटक कंपन्यांना मोठमोठे पडदे लागायचे. राजवाडा, जंगल, देऊळ, रस्ता, सगळं कापडावर रंगवलेलं. दोघा भावांनी रंगवलेल्या पडद्यांचं इतकं नाव झालं की लोक त्यांना पेंटर म्हणू लागले, आणि मेस्त्री मागे पडून पेंटर हेच आडनाव झालं.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र आला. तो पाहून या दोघांच्या डोक्यात चित्रपटानं घर केलं. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक वापरलेला प्रोजेक्टर आणला. आता प्रोजेक्टर म्हणजे चित्रपट दाखवायचं यंत्र. तो काढायचं यंत्र कुठून आणणार? फाळक्यांनी १९१२ मध्ये स्वतः लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला होता. पडदे रंगवून पोट भरणाऱ्या दोन भावांना लंडन परवडणारं नव्हतं. त्यातच १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशी यंत्रसामग्री मिळणं अजून अवघड झालं. तेव्हा त्यांनी ठरवलं, कॅमेरा आपणच करायचा.

हे किती अवघड होतं? आपला प्लेट कॅमेरा परत डोळ्यांसमोर आणा. त्यात हलणारं फार काही नाही. चांगला सुतार, चांगलं भिंग आणि उजेड आत न येऊ देणारा भाता एवढ्यावर काम भागतं. चित्रपटाच्या कॅमेऱ्याचं तसं नाही. त्यात ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्मची पट्टी असते, तिच्या दोन्ही कडांना भोकं. हातानं दांडा फिरवला की आतला आकडा त्या भोकांत शिरून फिल्म एक चौकट खाली ओढतो, सोडतो आणि मागे सरकतो. फिल्म स्थिर उभी राहिली की तेवढ्यात फिरती चकती भिंगासमोरून बाजूला होते, उजेड पडतो, चकती पुन्हा आड येते, आणि आकडा पुढची चौकट ओढतो. हे सेकंदाला साधारण सोळा वेळा! फिल्म सरकत असताना चकती उघडी राहिली तर चित्र फराटल्यासारखं येणार. आकडा दर वेळी नेमका त्याच जागी थांबला नाही तर पडद्यावर माणसं थरथरणार, कारण फिल्मवरची केसाएवढी चूक पडद्यावर कितीतरी पटींनी मोठी होऊन दिसते. आणि दांड्याचा वेग माणसाच्या मनगटावर!

तुमच्यापैकी कितीतरी जणांचे बाबा भोसरीत, चाकणला लेथवर नाहीतर सीएनसीवर काम करतात. त्यांना आज घरी विचारा, की ड्रॉइंग नाही, सुटा भाग नमुन्याला नाही, मापं घ्यायला आजच्यासारखी साधनं नाहीत, अशा वेळी एखादा गिअर करून दुसऱ्याशी जुळवायला किती दिवस लागतील. माझ्या ओळखीच्या एका टर्नरना मी हे विचारलं, तर ते नुसते हसले.

भाऊ कामाला लागले. नाटकांचे पडदे रंगवून मिळालेला पैसा यंत्राच्या खटपटीत जाऊ लागला. आणि १९१६ मध्ये आनंदराव गेले. कॅमेरा अजून पुरा झालेला नव्हता.

बाबूराव तेव्हा २६ वर्षांचे होते. या जागी थोडं थांबून विचार करा. ज्याच्याबरोबर स्वप्न पाहिलं, निम्मी अक्कल ज्याची, तोच निघून गेलेला. समोर अर्धवट यंत्र. ते गुंडाळून ठेवून पुन्हा पडदे रंगवायला बसले असते, तरी कोणी नाव ठेवलं नसतं.

त्यांनी ते गुंडाळलं नाही. विष्णुपंत दामले नावाचा पेणकडचा तरुण त्यांच्याकडे आला होता. त्याला यंत्रांची उपजतच समज होती. त्याच्या मदतीनं बाबूरावांनी राहिलेलं काम पुढे रेटलं आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालू झाला. भारतात बनलेला चित्रपटाचा पहिला कॅमेरा म्हणून त्याची नोंद घेतली जाते. महाराष्ट्र फिल्म कंपनीही याच सुमारास उभी राहिली. भांडवल कमी होतं, तेव्हा तानीबाई कागलकर या गायिकेनं पैशांची मदत केली, हे विसरून चालणार नाही. छत्रपती शाहू महाराजांचा आधार तर होताच.

त्या कॅमेऱ्यावर काढलेला सैरंध्री ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्यात आर्यन थिएटरात लागला. त्या काळी चित्रपटात स्त्रियांच्या भूमिका बहुतेक पुरुषच करत. फाळक्यांची तारामतीही पुरुषच होता. बाबूरावांनी मात्र गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींना पडद्यावर आणलं. घरच्या कॅमेऱ्यानं टिपलेलं चित्र पडद्यावर थरथरलं नाही. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. टिळक त्याच वर्षी १ ऑगस्टला गेले.

पुढची पाच-सहा वर्षं म्हणजे बाबूरावांचा बहर. १९२३ चा सिंहगड तुम्हाला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असलेल्या तानाजींचा. त्यातल्या रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम दिवे वापरले. सपाट रंगवलेल्या पडद्यासमोर नट उभे करण्याऐवजी खरोखर आत-बाहेर करता येईल असे देखावे उभारले. गंमत बघा, ज्या पडद्यांनी त्यांना पेंटर हे नाव दिलं, तेच पडदे त्यांनी चित्रपटातून काढून टाकले. प्रसंग कसा दिसणार याची रेखाटनं ते आधी काढून ठेवत. चित्रपटांची पोस्टरंही स्वतः रंगवत.

मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात मोठं काम १९२५ मधलं आहे. सावकारी पाश. कथा नारायण हरी आपटे यांची. देवदेवता नाहीत, राजे नाहीत. कर्जात बुडालेला शेतकरी, त्याची जमीन गिळणारा सावकार, आणि गाव सोडून शहरात मजुरीला जाणं. तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं. लोकांना तेव्हा पौराणिक चमत्कार बघायची सवय होती, त्यांनी या चित्रपटाकडे पाठ फिरवली. आज आपल्या वर्गात मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली मुलं बसतात. वडील कंपनीत, गावाकडची जमीन गहाण नाहीतर विकलेली. त्यांना ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची वाटणार नाही. दुर्दैवानं तो मूकपट आज बघायला मिळत नाही, सैरंध्रीही नाही. त्या काळची फिल्म फार लवकर पेट घ्यायची, जुनी झाली की कुजायची, आणि जपून ठेवायला हवी असं कोणाला वाटायचंही नाही. १९३६ मध्ये बाबूरावांनी सावकारी पाश पुन्हा, या वेळी आवाजासह काढला.

त्याआधी १९२९ मध्ये त्यांच्या आयुष्यात आणखी एक घाव बसला होता. दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम हे त्यांच्या हाताखाली तयार झालेले चौघे महाराष्ट्र फिल्म कंपनी सोडून गेले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांना बरोबर घेऊन त्यांनी १ जूनला प्रभात फिल्म कंपनी काढली. कोणी याला गुरूला सोडून जाणं म्हणेल, कोणी नव्या दमाची उडी म्हणेल. मला दोन्ही खरं वाटतं. ज्या दामल्यांनी बाबूरावांबरोबर कॅमेरा पुरा केला, त्यांनीच फत्तेलाल यांच्यासह १९३६ मध्ये संत तुकाराम काढला, आणि तो व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला आली. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या तिच्या जागेत आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. वाकडहून तासाभरात पोचाल, ट्रॅफिकनं दया केली तर.

महाराष्ट्र फिल्म कंपनी मात्र पुढे टिकली नाही. बाबूरावांनी उषा, प्रतिभा असे काही बोलपट केले, १९४७ च्या लोकशाहीर रामजोशीतही त्यांचा हात होता, पण मूकपटांच्या वेळचं तेज परत आलं नाही. ते पुन्हा कुंचला आणि छिन्नीकडे वळले. चित्रं काढली, पुतळे घडवले. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचं निधन झालं.

कोल्हापूरला गेलात तर अंबाबाईचं दर्शन झाल्यावर खरी कॉर्नर कुठे असं विचारा. तिथे त्यांच्या आठवणीसाठी कॅमेऱ्याचा स्तंभ उभारला आहे. आणि आपल्या वर्गातल्या त्या घडीच्या कॅमेऱ्याचं म्हणाल, तर त्याची प्लेटची खाच आम्ही पट्टीनं मोजली आहे, भिंगाभोवतीची अक्षरं ओल्या कापडानं पुसून वाचायचं काम चालू आहे. आतापर्यंत तीन लागली आहेत. भात्याच्या भोकांना एकीच्या आईनं काळ्या कापडाची ठिगळं लावून दिली आहेत.