शेख दीन महंमद : परदेशी व्यापाराचा धडा

शेख दीन महंमद यांचा जन्म १७५९ साली पाटण्यास झाला. कंपनीच्या बंगाल फौजेत चाकरी करून ते १७८४ साली आयर्लंडास गेले. पुढे लंडन येथे १८१० साली त्यांनी हिंदी पदार्थांचे व हुक्क्याचे उपाहारगृह उघडले. पाकसिद्धी वाखाणली गेली. परंतु मांडणीचा खर्च मोठा, आणि हिंदुस्थानातून परतलेल्या ज्या धनिक इंग्रजांवर भिस्त ठेवली, त्यांच्या घरी स्वतःचे आचारी होते. १८१२ साली दिवाळे निघाले.

पन्नाशी उलटलेल्या या गृहस्थाने नोकरीसाठी वर्तमानपत्रात जाहिरात दिली. परंतु धीर सोडला नाही. १८१४ साली ते ब्रायटनला गेले. समुद्रस्नानासाठी तेथे येणाऱ्या रुग्णांना घरी न मिळणारे वाफेचे स्नान व चंपी त्यांनी देऊ केली. चौथे जॉर्ज व चौथे विल्यम हे राजेही त्यांचे आश्रयदाते झाले. १८५१ साली ते निवर्तले.

परदेशी दुकान घालू इच्छिणाऱ्या आपल्या तरुण ज्ञातिबांधवांनी माल किती उत्तम एवढेच पाहू नये. तो घेण्यास कोण येईल, आणि गिऱ्हाईक जमेपर्यंत भाडे कोठून द्यावयाचे, याचा हिशेब प्रथम मांडावा. साहस त्यानंतर करावे.