हर्नियाचं ऑपरेशन करायला गेला आणि जगातलं पहिलं अपेंडिक्सचं ऑपरेशन करून बसला

नागपुरात नंदनवनमधल्या एखाद्याला जांघेत गाठ आली, तर बहुतेक वेळा ती गोष्ट घरातसुद्धा लगेच सांगितली जात नाही. जागाच अशी की लाज वाटते. त्यात विदर्भात हत्तीरोग जुना, त्यामुळे खाली सूज दिसली की हायड्रोसिल असेल असं धरून चालतात. शेवटी दुखायला लागलं की मेडिकलची ओपीडी गाठायची. तिथं डॉक्टर खोकायला लावतात, हात लावून बघतात आणि सांगतात, हर्निया आहे.

हर्निया म्हणजे काय, तर पोटाच्या भिंतीत एखादी जागा कमजोर असते किंवा जन्मापासून वाट उघडी राहिलेली असते. तिथून आतलं आतडं किंवा चरबी बाहेर उतरते. जुनी माणसं याला अंतर्गळ म्हणतात.

पण कधी कधी या पिशवीत चक्क अपेंडिक्स येऊन बसतं. जांघेतल्या शंभर हर्नियांमध्ये असा एखादाच, किंवा त्याहूनही कमी. डॉक्टर लोक याला अमियांड हर्निया म्हणतात.

आता हा अमियांड कोण?

क्लॉडियस अमियांड मूळचा फ्रान्सचा. सतराव्या शतकाच्या शेवटी शेवटी एका प्रोटेस्टंट घरात जन्मलेला. 1685 मध्ये राजा चौदाव्या लुईनं प्रोटेस्टंट लोकांचे हक्क काढून घेतले आणि हजारो कुटुंबं देश सोडून पळाली. अमियांडचं कुटुंबही इंग्लंडला पोचलं.

निर्वासिताचा हा पोरगा पुढं सर्जन झाला आणि थेट राजवाड्यात पोचला. पहिला जॉर्ज आणि दुसरा जॉर्ज, दोन्ही राजांचा तो सर्जन होता. 1716 मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला.

राजवाड्यानं त्याच्यावर केवढा भरवसा टाकला होता, ते 1722 मध्ये दिसलं. तेव्हा देवीच्या रोगानं घरंच्या घरं रिकामी व्हायची. जेन्नरची लस यायला अजून 74 वर्षं होती. एकच उपाय माहीत होता. रोग्याच्या फोडातला पू घ्यायचा आणि निरोगी माणसाच्या कातडीला बारीक चीर देऊन त्यात घालायचा. जगलं वाचलं तर पुन्हा देवी येत नाहीत, पण त्यातच जीव जायची भीतीही असायची. राजाच्या दोन नाती, 10 वर्षांची अमेलिया आणि 8 वर्षांची कॅरोलाइन, यांना ही टोचणी अमियांडनं केली. दोघीही वाचल्या.

पण त्याचं नाव आज घेतलं जातं ते एका साध्या घरच्या पोरामुळं.

साल 1735. आपल्याकडं थोरल्या बाजीरावांचा काळ. लंडनमध्ये सेंट जॉर्जेस हॉस्पिटल सुरू होऊन दोनच वर्षं झाली होती आणि अमियांड तिथं सर्जन होता. हॅनविल अँडरसन नावाचा 11 वर्षांचा मुलगा तिथं दाखल झाला. त्याला लहानपणापासून हर्निया होता. त्यात आता जांघेजवळ एक भोक पडलं होतं आणि त्यातून घाण वाहत होती.

हर्निया तर दिसत होता. पण भोक कशामुळं पडलं, ते कळायला काही मार्ग नव्हता. एक्स-रे नाही, सोनोग्राफी नाही. पोटात काय बिघडलंय ते कापल्याशिवाय दिसणार नव्हतं.

6 डिसेंबर 1735 ला अमियांडनं चाकू लावला. भूल नव्हती, कारण इथरची भूल यायला अजून 111 वर्षं होती. जंतू नावाची भानगडही कुणाला माहीत नव्हती. मुलगा पूर्ण शुद्धीत होता.

पिशवी उघडली तर आत चरबीचा पदर आणि त्यात अडकलेलं अपेंडिक्स. त्या अपेंडिक्समध्ये टाचणी घुसलेली. पोरानं कधीतरी गिळलेली असणार. टाचणीवर खड्यासारखा थर चढला होता आणि तिनं अपेंडिक्सला भोक पाडलं होतं. बाहेर वाहत होती ती घाण तिथून येत होती.

अशा वेळी काय करायचं, हे सांगणारं कुठलंही पुस्तक नव्हतं. चार वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये द गारेंजो नावाच्या सर्जननं मांडीच्या वरच्या भागातल्या हर्नियात अपेंडिक्स सापडल्याची नोंद केली होती, एवढंच. अपेंडिक्स काढून माणूस जगल्याचं कुणीच लिहून ठेवलेलं नव्हतं. आणि ते तसंच आत ढकललं असतं, तर पोटात घाण पसरून मुलगा गेला असता.

अमियांडनं अपेंडिक्सच्या मुळाशी दोरा बांधला आणि ते कापून टाकलं. सगळं मिळून साधारण अर्धा तास. मुलगा तेवढा वेळ ते सहन करत होता.

तो वाचला. महिन्याभरानं, हर्निया परत उतरू नये म्हणून पट्टा बांधून, तो घरी गेला. नोंद असलेलं जगातलं हे पहिलं यशस्वी अपेंडिक्सचं ऑपरेशन. अपेंडिसायटिस हा शब्दसुद्धा त्यानंतर दीडशे वर्षांनी, 1886 मध्ये आला.

विशेष म्हणजे अमियांडनं हे सगळं रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आणलं. आत काय असेल याचा आधी अंदाज नव्हता आणि काम किती अवघड गेलं, हेही त्यात आलं. राजाच्या सर्जनला फक्त यश सांगता आलं असतं. त्यानं अडचणीही सांगितल्या, म्हणून पुढच्यांना ती नोंद उपयोगी पडली. 1740 मध्ये तो वारला. बाजीराव गेले तेही याच वर्षी.

आज काय बदललं? सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये असा हर्निया आधी कळू शकतो. तरी बऱ्याचदा तो ऑपरेशन टेबलावरच सापडतो. अपेंडिक्स चांगलं असेल तर डॉक्टर ते सहसा आत सरकवतात आणि जाळी लावून वाट बंद करतात. सुजलेलं असेल तर काढून टाकतात आणि जाळी शक्यतो टाळतात, कारण जंतू जाळीला धरून बसतात. तेव्हा टाक्यांनीच भिंत शिवली जाते. अपेंडिक्स फुटून पू पोटात गेला असेल, तर पोट उघडावं लागतं.

म्हणून जांघेतली गाठ लपवून ठेवू नका. आणि ती आत जाईनाशी झाली, कडक होऊन दुखू लागली, सोबत ताप किंवा उलट्या सुरू झाल्या, तर उद्याची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. अँडरसनला भुलीशिवाय सोसावं लागलं. आज गाठ दाखवायला फक्त थोडी लाज बाजूला ठेवावी लागते.