फुलपाखरांचे चरित्रकार : एडवर्ड हॅमिल्टन एटकेन

सातपुड्याच्या दाट झाडीत, विशेषतः पचमढीच्या परिसरात, एक विलक्षण फुलपाखरू आढळते. उडताना त्याच्या पंखांवरील निळसर काळा रंग व नारिंगी पट्टा झळकतो. परंतु पंख मिटून ते फांदीवर बसले, की तेथे केवळ एक वाळलेले पान उरते! याचेच एक निळे भावंड सह्याद्रीच्या रानांत राहते. सह्याद्रीतील अशा फुलपाखरांचे जीवन अळीच्या अवस्थेपासून पाहून ज्यांनी ते लिहून ठेवले, त्या आद्य अभ्यासकांत एटकेन यांची गणना होते.

एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचा जन्म १६ ऑगस्ट १८५१ रोजी सातारा येथे झाला. त्यांचे वडील स्कॉटलंडहून आलेले मिशनरी होते. मुलाचे शिक्षण त्यांनी स्वतःच केले. पुढे एटकेन यांनी मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. व एम. ए. या पदव्या संपादन केल्या आणि काही वर्षे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन भाषा शिकविली. १८७६ साली ते सरकारच्या जकात व मीठ खात्यात रुजू झाले. मिठागरांवर देखरेख ठेवणे व जकातनाक्यांची तपासणी करणे हे त्यांचे काम. एखाद्याला ही नोकरी रुक्ष वाटली असती. परंतु त्यानिमित्त उरण, रत्नागिरी, कारवार असे मुलूख त्यांना हिंडावयास मिळाले, आणि पक्षी व कीटक यांच्या निरीक्षणात त्यांचा फुरसतीचा वेळ सत्कारणी लागला.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ निसर्गप्रेमी गृहस्थ एकत्र आले व त्यांनी ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय विद्वान होते. संस्थेचे पहिले चिटणीसपद एटकेन यांच्याकडे आले. ही संस्था आजही कार्यरत आहे.

त्यांच्या फुलपाखरांच्या अभ्यासास खरा बहर आला तो कारवारकडील अरण्यात. त्या काळी बहुतेक संग्राहक जाळ्याने फुलपाखरू पकडीत व टाचणीने पेटीत टोचून ठेवीत. पंखांचा रंग व आकार त्यावरून कळे. पण ते कोठे वाढले, काय खाऊन वाढले, हे कसे कळावे? एटकेन यांनी दुसरा मार्ग धरला. अळी ज्या झाडावर सापडे, त्याच झाडाची ताजी पाने तिला रोज द्यावयाची, ती कात टाकते केव्हा व कोश करते कसा हे पाहावयाचे, आणि फुलपाखरू बाहेर येईपर्यंत धीर धरावयाचा. कधी कधी कोशातून फुलपाखराऐवजी परोपजीवी गांधीलमाशी निघे व सारे श्रम वाया जात! तरीही हे काम चालूच राहिले. जिल्ह्याचे कलेक्टर डेव्हिडसन व वनाधिकारी बेल हे त्यांचे सहकारी होते. १८९० साली डेव्हिडसन व एटकेन यांनी मुंबई इलाख्यातील फुलपाखरांच्या अळ्या व कोश यांविषयी लेख प्रसिद्ध केला. १८९६ पासून तिघांनी मिळून उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांची सविस्तर माहिती सोसायटीच्या नियतकालिकात दिली.

अशा परिश्रमांतूनच जंगलाची अनेक गुपिते उलगडली. वर सांगितलेल्या पानासारख्या फुलपाखराचेच पाहा. मिटलेल्या पंखावर पानाची मधली शीर असते, उपशिरा असतात, बुरशीचे ठिपकेही असतात. मागचे टोक देठासारखे निमुळते असते. कोणत्याही दोघांचे ठिपके तंतोतंत सारखे नसतात, जशी कोणतीही दोन वाळकी पाने सारखी नसतात. पक्षी पाठीस लागला, की ते एकाएकी झाडीत शिरून स्तब्ध बसते. फुलांवर ते क्वचितच येते. सडलेली फळे व झाडांतून पाझरणारा रस हे त्याचे अन्न. त्याची काटेरी अळी मात्र कारवीच्या जातीच्या झुडपांची पाने खाऊन वाढते. ही झुडपे तोडली, तर मोठे वृक्ष उभे असूनही हे फुलपाखरू तेथून नाहीसे होऊ शकते.

एटकेन यांनी ‘एहा’ या नावाने खुमासदार पुस्तकेही लिहिली. १९०२ साली गोव्याच्या सरहद्दीवरील नाक्यांवर हिवतापाचा तपास करीत असता त्यांना डासाची एक नवी जात आढळली. तिला त्यांचेच नाव देण्यात आले. पुढे कराचीस त्यांची बदली झाली व सिंध प्रांताच्या गॅझेटियरचे कामही त्यांनी केले. १९०६ साली निवृत्त होऊन ते स्कॉटलंडला गेले व ११ एप्रिल १९०९ रोजी एडिंबरो येथे निवर्तले. बेल यांनी मात्र फुलपाखरांवरील लेखन पुढे अनेक वर्षे चालविले.

विद्यार्थी मित्रांनो, एटकेन यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती, चिकाटी होती. पांढुर्णा व सौंसर येथील संत्र्यांच्या बागांत कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी एक लहान अळी आढळते. मोठी झाली की ती हिरवी होते, आणि डिवचताच मानेतून उग्र वासाची दोन शिंगे बाहेर काढते. बागवानाच्या दृष्टीने ती कीड खरी. परंतु लिंबावरील फुलपाखराचे ते बालपण आहे. अशी एक अळी सच्छिद्र झाकणाच्या बरणीत ठेवून तिला रोज ताजी पाने द्या, आणि जे दिसेल ते तारखेसह वहीत टिपा. साताऱ्यात जन्मलेल्या त्या अभ्यासकाचे स्मरण करण्याचा याहून उचित मार्ग कोणता?