विश्लेषण : ‘राजा हरिश्चंद्र’ काढणाऱ्या दादासाहेब फाळकेंचे विनोदीपट ठाऊक आहेत?

डहाणूहून जव्हार-मोखाड्यामार्गे घाट चढला की त्र्यंबकेश्वर येते. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी तिथे झाला. तलासरीवरून जाणारा महामार्ग बडोद्याला पोहोचतो. तिथल्या कलाभवनात ते चित्रकला आणि छायाचित्रण शिकले. पौराणिक चित्रपटांसाठी ओळखले जाणारे फाळके हसवणारेही होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

जादूगार ‘केळफा’ कोण?

गोध्र्यात फाळकेंचा फोटो स्टुडिओ होता. १९००च्या प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल गेले. ते बडोद्याला परतले. पुढे हातचलाखी शिकून त्यांनी जादूचे प्रयोग केले. ‘फाळके’ हे नाव उलटे करून ते ‘प्रोफेसर केळफा’ झाले. हीच हातचलाखी नंतर कॅमेऱ्यात उतरली.

विनोदीपट कोणते?

१९१३मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ गाजला. त्यानंतरच्या ‘मोहिनी भस्मासुर’सोबत ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदीपट दाखवला गेला. ‘आगकाड्यांची मौज’मध्ये तर कलाकार म्हणजे काडेपेटीतल्या काड्या!

काड्या कशा हलल्या?

काडी किंचित सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. मूकपटात सेकंदाला साधारण १६ चित्रे धावत. प्रत्येक चित्र वेगळे घेतले, तर मिनिटभराच्या गमतीला ९६० चित्रे लागतात. संगणक नव्हता, होता तो फक्त संयम.

आज काय उरले?

‘आगकाड्यांची मौज’ आज उपलब्ध नाही. त्या काळची नायट्रेट फिल्म लगेच पेट घेई आणि जुनी झाली की कुजे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४मध्ये स्थापन झाले, तोवर बहुतेक मूकपट हातचे गेले होते.

मग फाळकेंचा विनोद कुठे पाहायचा?

‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९). हा चित्रपट बऱ्याच अंशी टिकला आहे. त्यात कृष्ण झाली आहे फाळकेंची लेक मंदाकिनी. सुरुवातीला ती नुसत्या चेहऱ्याने एकेक भाव दाखवते आणि पुढे कृष्णाच्या खोड्या सुरू होतात. संवाद नाहीत, तरी हसू येते.

१९३७चा ‘गंगावतरण’ हा फाळकेंचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा पुरस्कार दरवर्षी बातम्यांत असतो. यंदा तो जाहीर होईल, तेव्हा ‘कालिया मर्दन’ही पाहा, केळफाची मिश्किली तिथे भेटेल.